एकच विमान, दोन तारखा

१० जानेवारी २०२५ रोजी माझी मावशी आणि काका एकाच विमानातून न्यूअर्कला उतरले. सीट शेजारशेजारच्या, इमिग्रेशनचं काउंटर एकच, अधिकारीही एकच. बाहेर आल्यावर मावसबहिणीने गाडीत बसल्या बसल्या फोनवर दोघांच्या आय-९४ नोंदी (कधीपर्यंत राहता येईल ते सांगणारी, अमेरिकेत शिरताना होणारी सरकारी नोंद) उघडल्या आणि मला स्क्रीनशॉट पाठवले. मावशीच्या नोंदीत मुक्कामाची शेवटची तारीख होती ९ जुलै, काकांच्या नोंदीत ९ एप्रिल. मावशीचा पासपोर्ट भारताचा, काकांचा ब्रिटनचा.

हे होणार हे आम्हाला तोवर पक्कं माहीत होतं, त्यामुळे गाडीत कुणी चकार शब्द काढला नाही. आरडाओरडा दोन महिने आधीच होऊन गेला होता.

दोघं तीसेक वर्षं ब्रिटनमध्ये आहेत. काकांनी तिथलं नागरिकत्व घेतलं. मावशीने भारताचा पासपोर्ट सोडला नाही, ती कायम वास्तव्याच्या परवान्यावर राहिली. मुलगी न्यू जर्सीत. फेब्रुवारीत तिचं दुसरं बाळंतपण, म्हणून दोघांनी पाच महिने जायचं ठरवलं आणि कुणाला न विचारता तिकिटंही काढली. जाणं १० जानेवारी, येणं ७ जून. नात्यागोत्यातले फॉर्म भरायचं काम कसं कोण जाणे माझ्या गळ्यात पडलेलं आहे, त्यामुळे नोव्हेंबरात काकांचा फोन आला. "हिचा व्हिसा आहेच. माझा तो एस्टा तेवढा भरून टाक रे." एस्टा म्हणजे व्हिसा न लागणाऱ्यांनी अमेरिकेला निघण्याआधी ऑनलाइन घ्यायची मंजुरी.

मी तिकिटं बघितली. "काका, तुम्ही जूनपर्यंत कसे राहणार?"

"म्हणजे? हिला सहा महिने मिळतात ना? मग मला त्याहून कमी कसे मिळतील? ब्रिटिश पासपोर्ट आहे माझा."

काकांची समजूत काही वेडगळ नव्हती. आपल्याकडे पासपोर्ट भारी की हलका हे किती देशांत व्हिसाशिवाय शिरता येतं त्यावर ठरतं. शिरल्यावर किती दिवस राहता येतं हा हिशेब त्यात नसतो. आणि अमेरिकेपुरतं बोलायचं तर हे दोन हिशेब चक्क उलटे आहेत.

माफी दोन्हीकडून

'व्हिसा वेव्हर' या शब्दाचा अर्थ आपण 'व्हिसा माफ' असा घेतो. तो बरोबरच आहे. चाळीसहून अधिक देशांच्या नागरिकांना अमेरिकेने फिरायला किंवा कामाच्या भेटीगाठींसाठी नव्वद दिवसांपर्यंत येताना व्हिसा माफ केलेला आहे. १९८६ च्या कायद्याने हा प्रकार प्रायोगिक म्हणून सुरू झाला, १९८८ मध्ये ब्रिटन त्यात आला, मग जपान, आणि २००० साली तो कायमचा झाला. ज्या देशाच्या अर्जदारांना व्हिसा नाकारला जाण्याचं प्रमाण तीन टक्क्यांच्या खाली आहे त्यांचाच विचार होतो. भारत त्या यादीत नाही.

पण त्याच कायद्यात दुसरीही एक माफी आहे, आणि ती प्रवाशाने द्यायची असते. एस्टाचा फॉर्म भरताना शेवटी जो लांबलचक मजकूर न वाचता आपण 'मान्य' म्हणतो, त्यात प्रवासी लिहून देतो की विमानतळावरच्या अधिकाऱ्याने परत पाठवलं तर मी त्यावर दाद मागणार नाही. आत शिरल्यावर कधी बाहेर काढायची कारवाई झाली तर, आश्रयाचा अर्ज सोडल्यास, ती लढवणार नाही. त्याखेरीज या वाटेने आलेल्याला मुक्काम वाढवून मिळत नाही, आणि विद्यार्थी वगैरे दुसऱ्या प्रकारात बदलही करता येत नाही. जवळच्या नात्यांतून ग्रीन कार्डाला अर्ज करण्याचा अपवाद आहे, पण काकांना ग्रीन कार्ड नको होतं. त्यांना फक्त नातवाजवळ पाच महिने बसायचं होतं.

म्हणजे हा सौदा आहे. मुलाखत नाही, रांग नाही, काही डॉलरांत घरबसल्या मंजुरी. बदल्यात मुदत ताठ, आणि तक्रारीचा हक्क जवळजवळ शून्य. दोन आठवड्यांच्या सहलीला हा सौदा झकास आहे. पाच महिन्यांच्या मुक्कामाला तो लागूच पडत नाही.

एस्टा सक्तीचा झाला १२ जानेवारी २००९ पासून. त्याची मंजुरी दोन वर्षं चालते, किंवा पासपोर्ट आधी संपत असेल तर तोवर. काकांनी भरला तेव्हा फी २१ डॉलर होती, ३० सप्टेंबर २०२५ पासून ती ४० झाली. 'दोन वर्षं चालते' हे वाचून दोन वर्षं राहता येतं असं समजणारेही मला भेटले आहेत. त्या दोन वर्षांत कितीही वेळा अमेरिकेच्या विमानात चढता येईल एवढंच ती मंजुरी सांगते. आत घ्यायचं की नाही हे काउंटरवरचा अधिकारीच ठरवतो.

मावशीच्या वाटेचं गणित

मावशीकडे बी-२ व्हिसा होता, फिरायला आणि नातेवाइकांना भेटायला मिळतो तो. हा मिळवायला काय करावं लागतं ते भारतीय पासपोर्टवाल्यांना मी वेगळं सांगायला नको. डीएस-१६० चा फॉर्म, १८५ डॉलर (परत मिळत नाहीत), बोटांचे ठसे, मुलाखत. आणि मुलाखतीत कायद्यानेच तुमच्यावर संशय घ्यायचा असतो. कलम २१४(ब) म्हणतं की, प्रत्येक अर्जदार कायमचा राहायलाच येतोय असं धरून चाला. तसं नाही हे त्याने पटवून द्यायचं.

एवढं करून हाती येतो तो भारतीयांना बहुधा दहा वर्षांचा शिक्का. इथेही तोच घोळ होतो: दहा वर्षं हा दार ठोठावण्याचा काळ आहे, राहण्याचा नाही. राहण्याची तारीख दर खेपेला आय-९४ वर नव्याने पडते. मात्र बी-२ वाल्याला आत घेतलं तर साधारणपणे किमान सहा महिने द्यायचे असा अमेरिकेचा लेखी नियम आहे, त्याने तीन आठवडेच मागितले असले तरी. अधिकाऱ्याला वाटलं तर जास्तीत जास्त वर्षभरही देता येतात. शिवाय गरज पडली तर तारीख संपायच्या आत आय-५३९ भरून मुदतवाढ मागता येते. एस्टावाल्याला यातलं काहीच नाही.

मावशीच्या बाबतीत एक अडचण मी आधीच हेरली होती. तिचा पासपोर्ट २०२५ च्या मे महिन्यात संपत होता. पासपोर्ट सहा महिन्यांच्या आत संपणार असेल तर आय-९४ ची तारीखही बऱ्याचदा तिथेच कापतात. म्हणजे व्हिसा ठणठणीत, नियम सहा महिन्यांचा, आणि तरी मे महिन्यात गाशा गुंडाळायची वेळ. म्हणून डिसेंबरात तिने नवा पासपोर्ट करून घेतला. व्हिसा जुन्या पासपोर्टात राहिला, तो चालतो. दोन्ही पुस्तकं एका रबरबँडमध्ये बांधून तिने पर्समध्ये ठेवली आणि अधिकाऱ्यासमोर ती जोडी तशीच सरकवली. काकांचं एकच चकचकीत पुस्तक बाजूला.

थोडं विषयांतर करतो, कारण इथे लोक अमेरिकेचा नियम सगळ्या जगाला लावतात. व्हिसा घेतला की जास्त दिवस मिळतात हे सगळीकडे खरं नाही. युरोपातल्या शेंगेन देशांत व्हिसा लागणारा भारतीय आणि व्हिसा माफ असलेला ब्रिटिश, दोघांनाही कोणत्याही १८० दिवसांत नव्वदच दिवस. तिथे काका पर्यटक व्हिसा मागायला गेले असते तर त्यांना कुणी दिलाही नसता. जास्त राहायचं तर त्या त्या देशाचा दीर्घ मुक्कामाचा वेगळा परवाना. ब्रिटनमध्ये पाहुण्याला व्हिसा लागो न लागो, मर्यादा सहा महिन्यांचीच. कॅनडातही दोन्ही वाटांनी सहसा सहा महिने. वेव्हरवाल्याला तीन आणि व्हिसावाल्याला सहा ही अमेरिकेसारखी दरी यांपैकी कुठेच नाही.

नोव्हेंबरातले सल्ले

काकांना हे सांगितल्यावर पुढचे चार दिवस फॅमिली ग्रुपवर सल्ल्यांचा पाऊस पडला. त्यातला सगळ्यात लोकप्रिय होता 'टोरांटोला दोन दिवस जाऊन या, दिवस पुन्हा एकपासून मोजले जातील'. हा सल्ला इतका जुना आहे आणि इतक्या आत्मविश्वासाने दिला जातो की तो खोटा आहे हे सांगताना आपल्यालाच संकोच वाटतो. वेव्हरवर आलेला माणूस कॅनडा, मेक्सिको किंवा कॅरिबियनमधल्या बेटांवर जाऊन परत आला तर त्याला सहसा उरलेल्या दिवसांपुरतंच आत घेतात. पहिल्या दिवसापासूनचे नव्वद चालूच राहतात. विसाव्या दिवशी नायगरा पलीकडून बघून या, काही हरकत नाही. पंच्याऐंशीव्या दिवशी गेलात तर हाती पाचच दिवस येतील.

दुसरा सल्ला जावयाच्या मित्राचा. 'आठ-दहा दिवस जास्त राहिलं तर कोण विचारतो?' यावर मी जरा चिडूनच लिहिलं. विचारायला कुणी येत नाही हे खरं, पण संगणक मोजतो. वेव्हरची मुदत एका दिवसाने ओलांडली तरी पुढे वेव्हर वापरायचा हक्क जातो, नंतर कायम व्हिसाच काढावा लागतो. आणि बेकायदा मुक्काम १८० दिवसांच्या वर गेला तर १९९६ च्या कायद्याने देश सोडल्यावर तीन वर्षांची बंदी, वर्षभर किंवा जास्त झाला तर दहा वर्षांची. काका एकशे ऐंशी दिवस जास्त राहणार नव्हते हे ठीक, पण सत्तरीच्या माणसाने 'मागे ओव्हरस्टे केला होता का' या प्रश्नाला 'हो' म्हणायची पाळी कशाला आणायची?

तिसरी वाट रास्त होती. नव्वदच्या आत परत यायचं, काही आठवडे घरी काढायचे आणि पुन्हा एस्टावर जायचं. दोन खेपांत किती अंतर हवं याचा कुठे आकडा लिहिलेला नाही. पण तीन महिने राहून पंधरा दिवसांत पुन्हा तीन महिन्यांसाठी आलेला माणूस पाहुणा आहे की इथेच संसार मांडून बसलाय, असा प्रश्न अधिकाऱ्याच्या मनात आला तर तो वाजवीच म्हणायचा. आणि वर सांगितलंय, त्या काउंटरवर वेव्हरवाल्याला दाद नाही.

उरली चौथी वाट. काकांनीही सरळ बी-२ काढावा. व्हिसा माफ असलेल्या देशाच्या नागरिकाने व्हिसा मागू नये असं कुठेच नाही; नव्वदहून जास्त राहायचं असेल तर उलट तोच राजमार्ग. (काहींना तर पर्यायच नसतो. २०१५ च्या कायद्यानंतर, १ मार्च २०११ पासून इराण, इराक, सीरिया, सुदान इथे जाऊन आलेल्यांना, आणि पुढे यादीत भर पडून १२ जानेवारी २०२१ पासून क्युबाला जाऊन आलेल्यांनाही वेव्हर बंद आहे. क्युबाच्या बीचवर आठवडा काढलेल्या ब्रिटिश पेन्शनरांना हे एस्टा नाकारल्यावर कळतं.)

मग नोव्हेंबरातच अर्ज का केला नाही? खरं तर सगळ्या प्रकरणात विचार करण्यासारखी जागा हीच, आणि यावर मावसबहिणीचं आणि माझं आजही एकमत नाही.

तिचं म्हणणं, अर्ज करायचा, मिळाला तर मिळाला. माझं म्हणणं वेगळं होतं. मुलाखतीची लवकरची तारीख हाती लागत नव्हती ही एक गोष्ट. दुसरी जास्त गंभीर. एस्टाच्या फॉर्मवर थेट प्रश्न आहे: तुम्हाला कधी अमेरिकेचा व्हिसा नाकारला गेला आहे का? म्हणजे बी-२ मागितला आणि २१४(ब) खाली नाकारला गेला, तर जे नव्वद दिवस हातात होते तेही धोक्यात. वेव्हरवाल्याने व्हिसा मागणं म्हणजे हातातली पावली पणाला लावून रुपया मागणं. काकांना नकार मिळण्याचं काही कारण नव्हतं: स्वतःचं घर, पेन्शन, तीस वर्षांचा चोख प्रवास. पण 'कारण नव्हतं' आणि 'मिळणार नाही' यात फरक आहे, आणि फेब्रुवारीत बाळ येणार होतं. ऑगस्टमध्ये विचारलं असतं तर मी अर्ज करा म्हटलं असतं, नकार आला असता तरी सावरायला वेळ होता. दीड महिन्यावर प्रवास असताना नाही.

म्हणून ठरलं ते असं. काका एस्टावर जातील आणि ५ एप्रिलला एकटे परततील, मावशी ठरल्याप्रमाणे ७ जूनला. तिकीट बदलायचा दंड भरला. तसंही एस्टावाल्याकडे परतीचं तिकीट असावं लागतं आणि चेक-इनलाच ते बघतात. जूनचं तिकीट दाखवून काका विमानात चढले असते की नाही, शंकाच आहे. काका दोन दिवस गप्प होते. मग म्हणाले, "म्हणजे हिच्या पासपोर्टवर मी हसायचो तीस वर्षं, ते फुकटच."

मार्चमधला जिना

बाळ सुखरूप आलं. २८ मार्चच्या संध्याकाळी काका तळघरातून कपड्यांची टोपली घेऊन वर येत होते आणि शेवटून दुसऱ्या पायरीवरून घसरले. उजवा घोटा मोडला. ३१ तारखेला शस्त्रक्रिया, आत पट्टी आणि स्क्रू. डॉक्टर म्हणाले, चार आठवडे विमान नाही, पायात गुठळी व्हायची भीती असते.

५ एप्रिलचं तिकीट रद्द करावं लागलं. ९ एप्रिलची तारीख सहा दिवसांवर असताना मावसबहिणीने मदतकेंद्राला फोन लावून विचारलं की वडिलांचं 'एक्स्टेन्शन' कसं मिळेल. उत्तर आलं, वेव्हरवर आलेल्यांना एक्स्टेन्शन नसतं. उत्तर अगदी बरोबर होतं, आमचा प्रश्नच चुकला होता. तिने रडत मला फोन केला. ज्या शब्दाने विचारायला हवं होतं तो होता 'सॅटिस्फॅक्टरी डिपार्चर'.

ही वेव्हरच्या नियमातली एकुलती एक खिडकी. आजारपण, अपघात अशा खऱ्या आणीबाणीत, मुदत चालू असतानाच मागितलं, तर जास्तीत जास्त तीस दिवसांत निघून जाण्याची मुभा मिळू शकते. त्या दिवसांत निघालात तर तुम्ही वेळेतच गेलात असं धरलं जातं. हा हक्क नाही, अधिकाऱ्याची मर्जी आहे. २०२० मध्ये विमानं बंद पडली तेव्हा अडकलेल्या हजारो लोकांना याच खिडकीतून जावं लागलं होतं, आणि तेव्हा आणखी तीस दिवसांची सोयही करून दिली होती.

दुसऱ्या फोनला तिने नेमका तो शब्द वापरला. पासपोर्ट, आय-९४ ची प्रत, रद्द झालेलं तिकीट, पुढचं तिकीट आणि डॉक्टरांचं पत्र मागितलं गेलं. पत्राबद्दल सांगतो, कारण पहिलं पत्र उपयोगाचं नव्हतं. त्यात लिहिलं होतं, 'रुग्णाने प्रवास टाळावा.' कुठला प्रवास, कधीपर्यंत, काही नाही. दुसऱ्यांदा लिहून घेतलं: अमुक तारखेला अमुक शस्त्रक्रिया, २८ एप्रिलपर्यंत विमानप्रवास वैद्यकीयदृष्ट्या सुरक्षित नाही. ९ मेपर्यंतची मुभा मिळाली, लेखी. काका २९ एप्रिलला व्हीलचेअरवरून विमानात बसले. तो कागद, डॉक्टरांचं पत्र आणि बोर्डिंग पास मी त्यांना एका प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये घालून ठेवायला लावले.

इथे माझ्याही दोन चुका कबूल करतो. परतीचं तिकीट मी ५ एप्रिलचं सुचवलं, म्हणजे नव्वदपैकी शहाऐंशी दिवस वापरून टाकले आणि हाताशी चार ठेवले. तेव्हा तो हिशेब मला फार चलाख वाटला होता. वेव्हरवर लांब जाणाऱ्या वयस्कर माणसाला मी आता पंच्याहत्तराव्या दिवसाच्या पुढचं तिकीट काढू देत नाही. दुसरी चूक, प्रवासविमा मी नेमका ५ एप्रिलपर्यंतचा घेतला होता. नशिबाने त्या पॉलिसीत, आजारपणामुळे परत येता आलं नाही तर विमा आपोआप पुढे चालू राहील असं कलम होतं. ते मी घेताना वाचलं नव्हतं.

त्या चार आठवड्यांत काका सोफ्यावर पाय उशीवर ठेवून बसलेले आणि मावशी घरभर फिरत असलेली, असे फोटो येत. तिला तारखेची फिकीर नव्हती. कशी असणार? घोटा तिचा मोडला असता तरी ९ जुलै होतीच, आणि त्यापुढे आय-५३९.

लंडनमधले तीन प्रश्न

घोटा बरा झाल्यावर काकांनी स्वतःहून फोन केला. "आता तो व्हिसाच काढ." यावेळी घाई नव्हती, कुणाचं बाळंतपण अडलेलं नव्हतं, नकाराची जोखीम पेलवणारी होती.

फॉर्म भरताना आमची चर्चा एकाच गोष्टीवर अडली, जाण्याचं कारण. काकांना लिहायचं होतं 'नातवंडांना सांभाळायला'. मराठीत हे किती साधं वाक्य आहे! पण पर्यटक व्हिसावर काम करायला बंदी आहे, आणि मुलगी-जावई नोकरीवर असताना आजी-आजोबा सहा महिने पूर्णवेळ मुलं सांभाळणार असतील, तर ते पगारी आयाच्या जागी आले आहेत असा अर्थ काढला जाऊ शकतो. मी म्हटलं, "काका, तुम्ही खरंच सांभाळणार आहात का?" मावशी मागून म्हणाली, "ते स्वतःलाच सांभाळतील तर पुष्कळ झालं." मुलगी आणि नातवंडांना भेटायला, असं लिहिलं. तेच खरं होतं.

लंडनच्या वकिलातीतली मुलाखत दोन-तीन मिनिटांत आटोपली. इतकी वर्षं एस्टावर जाता, मग आता व्हिसा का? काकांनी सांगितलं, नव्वद दिवस पुरत नाहीत. किती राहायचं म्हणता? चार-पाच महिने. आणि तिसरा, एप्रिलमध्ये तारीख उलटून निघालात असं दिसतंय. काकांनी फोल्डर काढला. अधिकाऱ्याने मुभेचा कागद वाचला, डॉक्टरांचं पत्र नुसतं उलटून बघितलं आणि पाय कसा आहे ते विचारलं. दहा वर्षांचा व्हिसा मिळाला.

त्यावर दोघांनी लगेच ऑक्टोबरची तिकिटं बघायला घेतली. मी कॅलेंडर घेऊन बसलो आणि सांगितलं, मावशीने ऑक्टोबरात जायचं नाही.

व्हिसावर वर्षाला कितीदा यावं याचा आकडा नाही, पण अमेरिकेचं करखातं दिवस मोजतं. चालू वर्षाचे सगळे दिवस, अधिक गेल्या वर्षाच्या दिवसांचा एक तृतीयांश, अधिक त्यामागच्या वर्षाचा एक षष्ठांश. बेरीज १८३ झाली तर माणूस करापुरता अमेरिकेचा रहिवासी धरला जाऊ शकतो. चालू वर्षात १८३ पेक्षा कमी दिवस असतील तर आपली नाळ दुसऱ्या देशाशी जास्त घट्ट आहे असं फॉर्म भरून दाखवून सुटता येतं, त्यापुढे ती पळवाट बंद. मावशीचे जानेवारी ते ७ जून १४९ दिवस झाले होते. १८ ऑक्टोबरला गेली असती तर डिसेंबरअखेर आणखी ७५, एकूण २२४. ५ डिसेंबरला गेली तर २७, एकूण १७६. आधीची दोन वर्षं ती गेलीच नव्हती, म्हणजे त्यांची भर शून्य. आणि तिथून २०२६ च्या एप्रिलअखेरीस परतली तर नव्या वर्षाचे १२० आणि जुन्या १७६ चा तिसरा हिस्सा मिळून १७९ च्या आत. दरवर्षी चार महिने, म्हणजे १२२ दिवस राहिलं की ही बेरीज बरोबर १८३ ला टेकते. लांब मुक्कामाची सवय लागलेल्यांनी तो आकडा फ्रिजवर चिकटवून ठेवावा. वेव्हरवाल्यांना याची आठवण सहसा होत नाही, कारण नव्वदची भिंत त्यांना आधीच अडवते.

काका म्हणाले, "म्हणजे यावेळी हिच्यामुळे उशीर."

"हो काका."

त्यांना बरं वाटलं असावं.

५ डिसेंबरला पुन्हा एकाच विमानातून. निघण्याआधी मी काकांना तीनदा बजावलं होतं की अधिकाऱ्यासमोर व्हिसाचं पान उघडून ठेवा आणि बी-२ वर प्रवेश हवा हे तोंडाने सांगा. त्यांचा जुना एस्टा अजून दोन वर्षांच्या आतला होता, आणि दोन्ही असले की सवयीने वेव्हरखाली नोंद होऊ शकते. मग व्हिसा खिशात असून नव्वदच दिवस. संध्याकाळी त्यांचा स्क्रीनशॉट आला. मी आधी तारीख बघितली नाही, प्रवेशाचा प्रकार बघितला. मागच्या वेळी तिथे वेव्हरवरच्या पर्यटकाचं 'डब्ल्यूटी' होतं, आता 'बी-२'. खाली ४ जून २०२६.

दुसरा स्क्रीनशॉट मावशीचा. तीच तारीख. त्याखाली काकांनी लिहिलं होतं, "जिन्याला कठडा बसवलाय."